आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. पुण्यात अर्थशास्त्रात बी.ए. केलं, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि आता पुण्यात पदव्युत्तर वर्गाला शिकवते. निकाल लागले की मुलामुलींचे मेल सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. विषयाचं नाव लांबलचक आहे, त्यामुळे पुढे नुसतं 'आयपीई' म्हणते.

हा विषय म्हणजे नेमकं काय?

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं. सवलत ३० सप्टेंबरपर्यंतच होती. २७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने कापसाची सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भात तेव्हा कपाशी पात्या-फुलांवर होती. वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे नवा कापूस घरात येईल त्याच दिवसांत परदेशी गाठी बिनशुल्क येणार, हे शेतकऱ्याला पेरणी, खत, फवारणी सगळं होऊन गेल्यावर कळलं.

आता हा धागा उलटा उसवत जा. सवलत हवी होती कापड गिरण्यांना आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांना, कारण अमेरिकेच्या शुल्काने त्यांचं गिऱ्हाईक जात होतं. त्या ५० टक्क्यांपैकी निम्मं शुल्क अमेरिकेने लावलं ते भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून. आणि रशियाचं तेल स्वस्त मिळत होतं ते युक्रेनच्या युद्धानंतर युरोपने त्याकडे पाठ फिरवली म्हणून. युद्ध, तेल, तिरुपूरचे शिवणकारखाने आणि राळेगावच्या बाजार समितीतला भाव असे एका ओळीत येऊन बसतात.

भाव बाजार ठरवतो, हे आपण बारावीत शिकतो. पण त्या बाजारात कोणाला शिरू द्यायचं, कोणत्या चलनात, कोणत्या शुल्कावर, आणि वाद झाला तर न्याय कोणी करायचा, हे कोण ठरवतं? आयपीई याच प्रश्नाचा अभ्यास करतं.

मग सरळ अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र का घेऊ नये?

जरूर घ्या. बी.ए.ला तर यातलाच एक विषय मुख्य असावा, असं माझं ठाम मत आहे. आयपीई हा दोन विषयांच्या सांध्यावर उभा असलेला अभ्यास आहे. एकही बाजू पक्की नसताना थेट सांध्यावर उभं राहिलं तर पाय घसरतो.

फरक असा. आयात शुल्क काढल्याने गिरणीला किती फायदा आणि शेतकऱ्याला किती तोटा, याचं गणित अर्थशास्त्राचा विद्यार्थी मांडेल. आयपीईचा विद्यार्थी ते गणित वाचेल आणि विचारेल, की संख्येने कितीतरी जास्त असलेल्या शेतकऱ्यांचा आवाज मूठभर गिरण्यांच्या आवाजापुढे कमी का पडला? थोड्यांचा मोठा फायदा लवकर संघटित होतो, पुष्कळांचा वाटून गेलेला तोटा संघटित होत नाही, हे त्याचं एक नेहमीचं उत्तर. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले, तेव्हा शहरातला ग्राहक काही संघटित नव्हता. तरी निर्णय त्याच्या बाजूने गेला, कारण लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. म्हणजे एकच सूत्र सगळीकडे लागू पडत नाही, आणि इथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

हा विषय नवा आहे का?

विद्यापीठातली स्वतंत्र शाखा म्हणून पन्नास-पंचावन्न वर्षांचा. १९७० मध्ये सुझन स्ट्रेंज या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी तक्रार केली, की आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणारे लोक एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. मग दोन्हीकडच्यांना एकमेकांकडे बघावंच लागलं.

पण प्रश्न जुना आहे, आणि त्यात आपली माणसं फार आधीपासून आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं, त्याचा विषयच भारतीय राजकीय अर्थशास्त्र हा होता. इंग्लंडमध्ये घडलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू होत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा हिशेब मांडला. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला, १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आलेला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे. रुपयाचा विनिमय दर कसा ठरावा आणि त्याची झळ कोणाला बसते, हा आजच्या कोणत्याही आयपीई वर्गातला प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाताळला.

मी इंग्लंडमध्ये शिकले तेव्हा आमच्या वाचनयादीत यांतला एकही नव्हता. हे मला तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं. तुमच्या यादीत ते नसतील तर निबंधात तुम्ही आणा.

वर्गात काय काय शिकवतात?

साधारण चार खांब असतात: व्यापार, पैसा, उत्पादन आणि विकास. त्याआधी काही आठवडे सिद्धांत. मुलं सिद्धांतांना घाबरतात, म्हणून मी कापसावरच शिकवते.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना मोठी अनुदानं देते. उदारमतवादी म्हणेल, अनुदानाने भाव पडतो, स्वस्तात पिकवू शकणारा मारला जातो, ती काढा आणि व्यापार मोकळा करा. राष्ट्राच्या सत्तेला केंद्रस्थानी ठेवणारा म्हणेल, बलवान देश स्वतःला हवा तेवढाच मोकळा व्यापार करतो, तुम्हीही तुमचं बळ बघून वागा. मार्क्सच्या परंपरेतला किंवा लॅटिन अमेरिकेतल्या परावलंबन विचाराचा अभ्यासक म्हणेल, कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांच्यातलं नातंच विषम आहे, अनुदान हा त्याचा एक तुकडा फक्त.

आता प्रत्यक्षात काय घडलं ते बघा. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली आणि जिंकली. अमेरिकेने कायदा पुरेसा बदलला नाही, तेव्हा ब्राझीलने अमेरिकी मालावर आणि बौद्धिक संपदेवर प्रतिकाराची तयारी केली. त्यानंतर अमेरिका दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायला तयार झाली, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटला. त्याच काळात बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनीही हाच प्रश्न संघटनेपुढे मांडला होता. त्यांना असा पैसा मिळाला नाही. ब्राझीलकडे अमेरिकेला दुखावेल एवढी बाजारपेठ होती, मालीकडे नव्हती. एकच पीक, एकच अनुदान, आणि दोन वेगळे शेवट. वर्गात मी विचारते, तीनपैकी कोणता सिद्धांत या दोन शेवटांमधला फरक समजावतो? त्यावर तासभर भांडण चालतं.

पैशाच्या भागात ब्रेटन वुड्सपासून, म्हणजे महायुद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला भरलेल्या परिषदेपासून सुरुवात होते. जुलै १९४४, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं एक डोंगरातलं हॉटेल, ४४ देश. हिंदुस्थान पारतंत्र्यात होता, तरी त्याचं शिष्टमंडळ होतं आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगड जिल्ह्यातले आपले सी. डी. देशमुख. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानकडून माल आणि सेवा घेतल्या आणि बदल्यात लंडनच्या खात्यात पौंड लिहून ठेवले. ती रक्कम अब्ज पौंडांच्या पुढे गेली होती, पण काढता येत नव्हती. त्या पौंडांचा प्रश्न तिथे ठरत असलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हाती घ्यावा, अशी आपली मागणी होती. शिष्टमंडळातले ए. डी. श्रॉफ तिथे म्हणाले, की बँकेत दहा लाख डॉलर आहेत पण टॅक्सीचं भाडं द्यायला सुटे पैसे नाहीत, अशा माणसासारखी आमची अवस्था आहे. मागणी मान्य झाली नाही. तो व्यवहार ब्रिटन आणि हिंदुस्थानने आपापसात मिटवावा, असं ठरलं.

त्याच परिषदेतला नाणेनिधीच्या वाट्यांचा तक्ता मी फळ्यावर लिहिते. अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, सोव्हिएत संघ १२०, चीन ५५, फ्रान्स ४५, हिंदुस्थान ४०. मग रशियाच्या नावावर काट मारते, कारण सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही. त्यासरशी हिंदुस्थान पहिल्या पाचांत येतो, आणि पहिल्या पाचांना कार्यकारी मंडळावर आपला संचालक नेमण्याचा हक्क होता. वाटा म्हणजे मत आणि मत म्हणजे सत्ता, हे मुलांना त्या एका काटेने कळतं. आजही नाणेनिधीतल्या सर्वांत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. उरलेलं गणित तुम्हीच करा.

मग १९९१. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं असताना रिझर्व्ह बँकेने मुंबईतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने बाहेर पाठवलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातलं सोनं गहाण ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

गणित किती लागतं?

भीती वाटते त्यापेक्षा कमी आणि जाहिरातीत सांगतात त्यापेक्षा जास्त.

पहिल्या आठवड्याचं गणित असं असतं. न्यूयॉर्कचा कापसाचा वायदा सेंट प्रति पौंड असा असतो. देशातला व्यापार ३५६ किलोच्या खंडीवर चालतो. शेतकऱ्याचा भाव रुपये प्रति क्विंटल, आणि तोही सरकीसकट. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-पस्तीस किलो. आता डॉलरचा दर घ्या आणि न्यूयॉर्कचा भाव यवतमाळच्या भावाशी ताडून दाखवा. हे जमलं तर गुणाकार-भागाकाराच्या पातळीवर तुम्ही तयार आहात. आमच्या गावचा जिनिंगवाला दहावी नापास होता आणि हा हिशेब काट्यापाशी उभ्या उभ्या करायचा.

त्यापुढे व्यवहारतोलाचा, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याचा, तक्ता वाचता यायला हवा आणि पायाभूत संख्याशास्त्र हवं. प्रतीपगमनाचा (रिग्रेशनचा) तक्ता समोर आला तर त्यातली कोणती संख्या काय सांगते, एवढं कळलं पाहिजे. अमेरिकी धाटणीच्या अभ्यासक्रमांत संख्याशास्त्रावर भर असतो, ब्रिटिश धाटणीच्या अभ्यासक्रमांत इतिहास आणि विचारपरंपरांवर. अर्ज करण्याआधी विषयांची यादी उघडून संख्याशास्त्राचे किती पेपर सक्तीचे आहेत, ते बघा.

भारतात कुठे शिकता येईल?

नेमक्या या नावाची पदवी आपल्याकडे विरळ. पण विषय शिकता येतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात आंतरराष्ट्रीय व्यापार व विकास असं स्वतंत्र केंद्र आहे, आणि तिथला एम.ए. अर्थशास्त्राचाच, पण जागतिक अर्थव्यवस्थेवर भर देणारा. माझ्या मते आपल्या मुलांसाठी हा फार चांगला आणि खिशाला परवडणारा रस्ता आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. पुण्यात १९३० पासून चालत आलेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आहे. तिच्या नावातच दोन्ही विषय आहेत, पण पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः अर्थशास्त्राचं. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राजकारण विभाग आहे. अशा ठिकाणी मुख्य विषय एक घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूचे पेपर व प्रबंध आपण निवडायचे.

परदेशात?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि वॉरिक या दोन ब्रिटिश विद्यापीठांत याच नावाची पदव्युत्तर पदवी आहे. सुझन स्ट्रेंज दोन्हीकडे शिकवत होत्या. जर्मनीत कासेल विद्यापीठात जागतिक राजकीय अर्थशास्त्र आणि विकास असा इंग्रजीतला एम.ए. आहे.

ब्रिटनचा एम.ए. एक वर्षाचा. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग सुरू होतात, डिसेंबरात पहिले निबंध आणि उन्हाळ्यात दहा ते पंधरा हजार शब्दांचा प्रबंध. श्वास घ्यायला जागा नसते. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी जर्मनीची दोन वर्षं जास्त बरी.

खर्च कसा पेलायचा?

इथे मी स्पष्ट बोलते. शिष्यवृत्तीशिवाय, जमीन गहाण ठेवून ब्रिटनला या विषयासाठी जाऊ नका. या पदवीनंतर पगार वाढतो, पण हळू. व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून वाढतं.

अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक क्रमवारी आणि उत्पन्नाच्या अटी असतात, त्या त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. मुंबईची जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण राहण्याच्या खर्चाची वर्षभराची रक्कम आधीच 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक पैसेच काढता येतात अशा खात्यात, दाखवावी लागते. ती जमवायला घरच्यांना सहा महिने आधी सांगा. व्हिसाच्या आठवड्यात सांगू नका.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. जमेल का?

जमेल. माझंही बारावीपर्यंत मराठीतून झालं. अडचण बोलण्याची नसते, वाचनाच्या वेगाची असते. आठवड्याला दीड-दोनशे पानं वाचायची असतात आणि पहिले दोन महिने डोळ्यांपुढे अंधारी येते. मला एक गोष्ट उपयोगी पडली: प्रत्येक लेख वाचून झाला की त्याचा मुद्दा तीन वाक्यांत मराठीत लिहायचा. इंग्रजीत लिहिलं की लेखकाचेच शब्द उतरतात आणि समजल्याचा भास होतो. मराठीत लिहिताना न समजलेलं लगेच उघडं पडतं. त्या वह्या मी अजून वापरते.

हा विषय डावा आहे का?

नाही. या विषयात मुक्त व्यापाराचे खंदे समर्थक आहेत, कट्टर टीकाकार आहेत, आणि दोघांनाही भाबडे समजणारे, राष्ट्राच्या सत्तेला केंद्रस्थानी ठेवणारेही आहेत. विभागागणिक कल बदलतो. ज्यांच्याशी तुमचं पटत नाही त्यांचं सर्वोत्तम लिखाण आधी वाचा.

नोकरी कुठे मिळते?

आधी सावधगिरीची गोष्ट, कारण दरवर्षी कोणीतरी यात फसतं. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतलीच पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाच्या जागांनाही मुख्यतः अर्थशास्त्र गटातली. पदवीवर 'आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र' असं छापलेलं असेल तर अर्ज अडकू शकतो. या दोन वाटा डोक्यात असतील तर एम.ए. अर्थशास्त्रातच करा आणि आयपीई प्रबंधातून करा.

बाकी वाटा पुष्कळ आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली एक्झिम बँक, पतमानांकन संस्था, बँकांचे देशनिहाय जोखीम बघणारे विभाग, निर्यातदारांच्या संघटना, दिल्लीतली आरआयएस किंवा मुंबईतलं गेटवे हाऊस यांसारख्या धोरण-अभ्यास संस्था, आणि पत्रकारिता. मराठी पत्रकारितेत तर या माणसांची फारच गरज आहे. कापसावरचं शुल्क गेलं तेव्हा बातमी आली, पण ते शुल्क मुळात कशासाठी होतं हे सांगणारे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यूपीएससीसाठी उपयोग होतो का?

सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पेपरला होतो. पण केवळ त्यासाठी ही पदवी घेऊ नका.

प्रबंधाचा विषय कसा निवडू?

मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले तेव्हा कागदावर लिहिलं होतं, 'जागतिकीकरण आणि भारतीय शेती'. त्यांनी पेन्सिल घेतली, 'जागतिकीकरण' खोडलं, 'भारतीय शेती' खोडलं आणि विचारलं: कोणता माल? कोणतं वर्ष? कोणाचा निर्णय? मी म्हटलं, कापूस. बाकीच्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं. ते शोधायला तीन आठवडे गेले आणि ब्राझीलची तक्रार हाती लागली. तिच्या निकालाची कागदपत्रं जागतिक व्यापार संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, शेकडो पानं. वाचताना एका रात्री मी बाबांना फोन करून त्या वर्षांचे भाव विचारले. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या काटापावत्या काढल्या आणि एकेक वाचून दाखवल्या. तारीख, वजन, भाव, कापलेली हमाली. माझ्या प्रबंधाचं परिशिष्ट त्या पावत्यांचं आहे.

तुमच्या घरातही असं काहीतरी असेल. गोव्यातल्या एका विद्यार्थ्याने जपान आणि चीनला गेलेल्या लोहखनिजावर लिहिलं, कारण त्याच्या काकांचा ट्रक २०१२ च्या खाणबंदीपासून अंगणात उभा होता. रत्नागिरीच्या एका मुलीने हापूसवर लिहिलं: अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरण करून पाठवण्याच्या अटीवर, आणि ते विकिरण होतं कांद्याच्या लासलगावात. हे असं का, याचं उत्तर शोधण्यात तिचं अख्खं वर्ष गेलं.

प्रवेशाला चार महिने आहेत. आत्तापासून काय करू?

एक वस्तू निवडा. साखर, सोयाबीन, औषधाची गोळी, काहीही. रोज तिचा स्थानिक भाव आणि जागतिक भाव वहीत लिहा, शेजारी डॉलरचा दर. ज्या दिवशी दोन भाव वेगवेगळ्या दिशेने गेले, त्या दिवशी सरकारची कोणती अधिसूचना निघाली, ते शोधा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या आणि सीमाशुल्काच्या अधिसूचना सर्वांना खुल्या आहेत. भाषा रुक्ष असते, पण दोन पानांच्या असतात. महिन्याला एक जरी पूर्ण वाचलीत तरी पहिल्या सत्रात तुमचा हात वर असेल. वही सोबत घेऊन या.